बहिणीला झाले, म्हणून मलाही?

गुडघेदुखीवरील मागील लेखात या अंकासाठी पायांचे व्यायाम कबूल केले होते. तो विषय एका अंकाने पुढे ढकलते आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. कारण असे की, गेल्या पंधरवड्यात दवाखान्यात एका वृद्ध बाईंनी एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर देताना मला जाणवले की, हा प्रश्न आपल्या वाचकांपैकी कितीतरी जणांच्या मनात असणार. (पायांचा विषय आजही थोडासा येणार आहे, पण वेगळ्या वाटेने.)

या बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्या आणि त्यांची बहीण जुळ्या. थोरली अवघ्या काही मिनिटांनी मोठी. पण घरात, गावात आजही ती ‘थोरली’ आणि या ‘धाकट्या’. दोघींची चेहरेपट्टी इतकी एकसारखी की, लग्नानंतर कित्येक महिने एकमेकींच्या सासरची माणसे फसत. प्रयोगशाळेत तपासणी केलेली नसली तरी त्या एकबीज जुळ्या असाव्यात, यात मला शंका वाटत नाही. थोरलीला अल्झायमरचा विकार असल्याचे निदान दोन वर्षांपूर्वी मेंदूविकारतज्ज्ञांनी केले. धाकटी दर रविवारी बहिणीकडे जाते, तिची वेणी घालते, तिच्याबरोबर जेवते. त्या रविवारी थोरलीने तिला हाक मारली ती स्वतःच्याच नावाने. धाकटीचे नाव तिच्या ओठांवर आलेच नाही.

“डॉक्टरबाई, त्या क्षणी वाटलं, ही मला आरसाच दाखवतेय. आम्ही दोघी एकाच मातीच्या. तिला झालं, आता माझी पाळी कधी, एवढंच सांगा.”

मी त्यांना इतर चौकशा करू लागले, तेव्हा जे कळले ते मला प्रश्नापेक्षाही गंभीर वाटले. गेल्या चार महिन्यांत त्यांनी बचत गटाचे हिशेब दुसरीकडे सोपवले होते. कपाटाच्या किल्ल्या सुनेला दिल्या होत्या. बँकेत एकट्याने जाणे थांबवले होते. एखादे नाव पटकन आठवले नाही की, रात्रभर झोप येत नसे. म्हणजे रोग आला नव्हता, पण त्याच्या येण्याची तयारी म्हणून ज्या गोष्टी मेंदूला कार्यरत ठेवतात त्यांपासून या बाई एकेक करून दूर होत होत्या.

त्यांच्या प्रश्नाला अंदाजपंचे उत्तर देण्याची गरज नाही. वृद्ध जुळ्या भावंडांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती कशी बदलते, याचा अभ्यास स्वीडन, डेन्मार्क, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन अशा देशांत अनेक वर्षे झालेला आहे. ऑस्ट्रेलियात 2007 साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. परमिंदर सचदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासष्टीपुढील सहाशेहून अधिक जुळ्यांचा असाच अभ्यास सुरू केला. या संशोधनाला जुळीच का हवीत, ते आधी सांगते.

जुळी दोन प्रकारची असतात. एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन जन्मलेली ती एकबीज. त्यांची जनुके जवळजवळ शंभर टक्के सारखी. दोन स्वतंत्र बीजांपासून एकाच वेळी जन्मलेली ती द्विबीज. त्यांच्यात साधारण निम्मे साम्य, म्हणजे कोणत्याही सख्ख्या भावंडांइतकेच. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच काळात, एकाच ताटात जेवून वाढतात. तेव्हा एखाद्या गुणाच्या बाबतीत एकबीज जुळी द्विबीज जुळ्यांपेक्षा एकमेकांशी अधिक मिळतीजुळती निघाली, तर ते जास्तीचे साम्य जनुकांच्या खात्यावर मांडता येते. हिशेब प्रत्यक्षात बराच किचकट असतो, पण त्याचा गाभा एवढाच.

स्वीडनमध्ये जुळ्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे. धूम्रपानाचे परिणाम तपासण्याच्या हेतूने 1950 च्या दशकाच्या अखेरीस ती सुरू झाली आणि पुढे वार्धक्याच्या अभ्यासालाही उपयोगी पडली. ‘सायन्स’ या नियतकालिकात 1997 साली एक लेख प्रसिद्ध झाला. त्यात ऐंशी वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या 110 एकबीज आणि 130 द्विबीज जोड्यांच्या चाचण्या होत्या. दोघेही हयात आणि दोघांनाही मोठा बौद्धिक वा शारीरिक विकार नाही, अशाच जोड्या घेतल्या होत्या. एकूण बौद्धिक क्षमतेतील फरकांमध्ये जनुकांचा वाटा 62 टक्के निघाला, स्मरणशक्तीच्या बाबतीत 52 टक्के, तर जागेचे आणि आकारांचे आकलन करण्याच्या क्षमतेत केवळ 32 टक्के. आयुष्यभराचे अनुभव साठल्यावर उतारवयात जनुकांचा प्रभाव पुसट होत असेल, असा अनेकांचा समज होता. या आकड्यांनी तो खोटा ठरवला.

आता येथेच थांबले, तर धाकटीची भीती खरी ठरल्यासारखे वाटेल. बासष्ट टक्के! परंतु हा आकडा वाचण्यात सुशिक्षित माणसेही चूक करतात. ‘माझी बुद्धी 62 टक्के आईवडिलांकडून आली’ किंवा ‘मला रोग होण्याची शक्यता 62 टक्के आहे’, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. तो एका माणसाविषयी काहीही सांगत नाही. एका विशिष्ट समाजात माणसामाणसांत जे फरक दिसतात, त्यांपैकी किती फरक जनुकांतील फरकामुळे पडतो, एवढेच तो सांगतो.

मी शेतकरी कुटुंबातली, म्हणून मला हे शाळूच्या पिकावरून कळते. सगळ्यांचे रान सारखेच काळे आणि कसदार असेल, तर कणसांतील फरक बियाण्यांमुळेच पडणार. एकाचे रान काळे आणि दुसऱ्याचे मुरमाड असेल, तर तेच बियाणे दोन तऱ्हेचे पीक देईल आणि फरकातला मातीचा वाटा वाढेल. बियाण्याचा वाटा किती, हे असे रानावर अवलंबून असते. स्वीडनमध्ये शालेय शिक्षणाचा कायदा 1842 सालचा. त्या वृद्धांच्या पिढीला शाळा सर्वांसाठीच होती. आपल्याकडे एकाच घरात एक मुलगी शाळेत आणि दुसरी चुलीपाशी, असे त्या काळी सर्रास घडे. स्वीडनचा आकडा जसाच्या तसा उचलून आपल्या आजीला लावणे म्हणूनच योग्य नाही.

या दोन बहिणींचेच पाहा. त्या नऊ वर्षांच्या असताना धाकट्या भावाचा जन्म झाला आणि घरी हाताखाली कोणीतरी हवे म्हणून थोरलीची शाळा चौथीतच सुटली. धाकटीला मामांनी आपल्या गावी नेले; ती सातवीपर्यंत शिकली. थोरलीला मधुमेह शेहेचाळिसाव्या वर्षी लागला आणि पुढची बरीच वर्षे गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही, अशी गेली. धाकटीलाही मधुमेह आहेच, पण तो त्रेसष्टाव्या वर्षी आला आणि आटोक्यात आहे. थोरलीला दहाएक वर्षांपासून कमी ऐकू येते. बियाणे एकच, रान मात्र निराळे.

डेन्मार्कमधील एका अभ्यासाने यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. तेथे सत्तरीपुढील जुळ्यांच्या चाचण्या एकदाच न घेता काही वर्षे पुन्हापुन्हा घेतल्या. माणसाची बौद्धिक पातळी किती वरची आहे, यात जनुकांचा वाटा मोठा निघाला. मात्र ती पातळी वर्षागणिक किती वेगाने घसरते, यात तो फारच थोडा निघाला. वेगावर मुख्यतः प्रत्येकाच्या स्वतःच्या वाट्याला आलेल्या गोष्टींचा परिणाम होता. घाट उतरायला किती उंचीवरून सुरुवात केली हे बरेचसे जन्मजात. उतरण्याचा वेग मात्र वेगळ्याच कारणांनी ठरतो. ‘स्वतःच्या वाट्याला आलेल्या गोष्टी’ यात आजारपण, दुखापत, सवयी, सोबत, एकटेपण, निव्वळ योगायोग आणि चाचणीच्या दिवशीची चूकभूलही येते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

हे झाले सर्वसाधारण स्मरणशक्तीविषयी. प्रत्यक्ष अल्झायमरचे काय? स्वीडनच्याच नोंदवहीतील पासष्टीपुढील 11,884 जोड्यांचा आढावा 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 392 जोड्यांत दोघांना किंवा एकाला अल्झायमर होता. या विकारात जनुकांचा वाटा 58 ते 79 टक्के निघाला. हा वाटा मोठा आहे आणि तो लपवून कोणाला धीर देणे मला मान्य नाही. एकबीज जुळ्यांपैकी एकाला अल्झायमर झाला, तर दुसऱ्याची जोखीम इतरांपेक्षा निश्चितच अधिक असते. परंतु याच अभ्यासात अशाही एकबीज जोड्या होत्या की, ज्यांत एकाला रोग होता आणि दुसऱ्याला नव्हता. आणि जेथे दोघांनाही झाला, तेथेही दोघांचा प्रारंभ एकाच वेळी झाला असे नव्हे. शंभर टक्के सारखी जनुके असूनही! ज्या वयात हा विकार येतो, त्या वयात त्याचे येणे काही वर्षांनी लांबणे म्हणजे कित्येकदा तो आयुष्यात न येणेच.

ही वर्षे कशाने मिळतात? जुळ्यांचे अभ्यास येथे फार उपयोगी पडतात, कारण एक भावंड दुसऱ्याचे मोजमाप ठरते. स्वीडनमधील 13,693 जुळ्या व्यक्तींच्या 2009 सालच्या अभ्यासात मधुमेह आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध पाहिला गेला. पासष्टीच्या आधी जडलेल्या मधुमेहाचा स्मृतिभ्रंशाशी संबंध नंतर जडलेल्या मधुमेहापेक्षा बळकट होता आणि तो संबंध समान जनुके किंवा समान बालपण यांनी उलगडत नव्हता. थोडक्यात, मध्यमवयातील अनियंत्रित साखर हे स्वतंत्र ओझे दिसते. हा लेख वाचणाऱ्या आजी-आजोबांपेक्षा त्यांच्या पन्नाशीतल्या मुला-सुनांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आणि आता पाय. ब्रिटनमधील 324 जुळ्या स्त्रियांच्या पायांची ताकद 1999 साली मोजण्यात आली आणि दहा वर्षांनी त्यांच्या बौद्धिक चाचण्या पुन्हा घेण्यात आल्या. ज्यांचे पाय सुरुवातीला अधिक बळकट होते, त्यांची विचारशक्ती कमी घसरली होती. एकबीज जोड्यांतही हेच चित्र दिसले. पाय बळकट केल्याने मेंदू वाचतो, असे यावरून सिद्ध होत नाही. जी बाई मुळात निरोगी आहे तिचे पायही बळकट असतात, असेही असू शकेल. आमची थोरली तर जन्मभर शेतात राबली. तिच्या पायांत आजही माझ्यापेक्षा अधिक ताकद आहे. तिला तरीही व्हायचे ते झालेच. अभ्यासाची सरासरी आणि समोरचा माणूस यांचा मेळ नेहमी बसत नाही. तीस वर्षांच्या व्यवसायात माझी अनेकदा खात्री झाली आहे की, हे मान्य केले म्हणजे डॉक्टर रुग्णाशी जरा नम्रपणे बोलतो.

नम्रतेचाच विषय निघाला म्हणून एक कबुली. चार वर्षांपूर्वी थोरलीची मुलगी मला म्हणाली होती, “आई आमटीत दोनदा मीठ घालते हो हल्ली.” मी हसून ‘वयाप्रमाणे चालायचेच’ असे उत्तर दिले. पुढे दीड वर्षाने, आई ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकल्यावर, तीच मुलगी घाबरून आली. तेव्हा कुठे मी तपासण्या लिहून दिल्या. लवकर निदान झाले असते तरी रोग टळला नसता, हे खरे. परंतु तिचे कान आणि तिची साखर यांकडे दीड वर्ष आधी लक्ष देता आले असते. घरच्यांनाही व्यवहाराची निरवानिरव तिच्या संमतीने करता आली असती. ही चूक माझी.

तीच मुलगी आज वेगळ्या प्रश्नाने व्याकूळ असते. मावशी ठणठणीत आणि आई अशी, म्हणजे आमच्याच सांभाळण्यात काही उणे राहिले का? भाऊबंदांपैकी कोणीतरी तसे तिच्या तोंडावर बोललेही. जोखमीची घटक-कारणे सांगताना हा धोका नेहमी असतो: ऐकणारा त्यांतून दोषी शोधू लागतो. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने 2024 साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणे मांडली. त्यांत लहानपणीचे अपुरे शिक्षण, श्रवणदोष, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले वाईट कोलेस्टेरॉल, धूम्रपान, नैराश्य, एकटेपण, अगदी प्रदूषित हवासुद्धा आहे. ती सारी दूर झाली तर जगातील सुमारे 45 टक्के रुग्ण टाळता येतील किंवा त्यांचा रोग लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज. पण चौथीत सुटलेल्या शाळेला ही मुलगी कशी जबाबदार? आणि एकबीज जुळ्यांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करूनही एकीला का झाले आणि दुसरीला का नाही, हे प्रत्येक वेळी संशोधकांना सांगता येत नाही. तेथे भाऊबंदांनी निवाडा करू नये. भारतात साठीपुढील सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. एवढ्या घरांत सेवा करणारे सगळेच निष्काळजी असतील काय?

धाकटीचा दुसरा प्रश्न नातवाने मोबाईलवर वाचलेल्या जनुक-तपासणीचा होता. एकोणिसाव्या गुणसूत्रावर एपीओई नावाचे जनुक असते. त्याच्या तीन मुख्य प्रकारांपैकी चौथ्या क्रमांकाने ओळखला जाणारा प्रकार असल्यास अल्झायमरची जोखीम वाढते. आई आणि वडील दोघांकडूनही तोच आला असेल तर अधिक वाढते. तथापि तो असूनही अनेकांना रोग होत नाही आणि नसूनही अनेकांना होतो. निरोगी माणसाने केवळ काळजीपोटी ही तपासणी करून घेऊ नये, असे माझे मत आहे. काही नवीन औषधे सुरू करण्यापूर्वी तज्ज्ञ ती करायला सांगतात, ती गोष्ट निराळी. ज्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या साठीच्या आतच हा विकार दिसतो, तेथे मात्र जनुकीय समुपदेशकाचा सल्ला अवश्य घ्यावा. त्या दुर्मीळ प्रकारात एकच सदोष जनुक कारणीभूत असते आणि ते अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते.

धाकटीची मी नीट तपासणी केली. साधी स्मरण-चाचणी, रक्तदाब, साखर, थायरॉइड, बी-12 जीवनसत्त्व, कान, डोळे आणि चालू असलेल्या गोळ्यांची यादी. ही यादी फार कामाची असते. झोप येत नाही म्हणून त्या चार महिने शेजारणीने सुचवलेली एक गोळी घेत होत्या. ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्यांनी झोप येते खरी, पण वृद्धांना सकाळी मती गुंग झाल्यासारखी होते आणि नावे आठवत नाहीत. त्यांची गोळी त्याच जातीची निघाली. बी-12 देखील कमी होते. स्मरण-चाचणीत त्यांना जवळजवळ सर्व गुण मिळाले. फक्त तारीख चुकली. त्या दिवशीची तारीख मलाही कॅलेंडर पाहूनच सांगावी लागली होती.

नाव विसरणे आणि थोड्या वेळाने ते आठवणे, चष्मा कुठे ठेवला ते विसरणे, यांत घाबरण्यासारखे सहसा काही नसते. रोजचा सरावाचा व्यवहार जमेनासा होणे, तेच ते पुन्हा विचारणे आणि विचारल्याचेही न आठवणे, परिचित वाटेवर हरवणे, पैशांच्या देवघेवीत घोळ होणे, स्वभाव अचानक पालटणे, यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांकडे जावे. आणि डॉक्टरने ‘वयाप्रमाणे चालायचेच’ म्हटले, तर पुन्हा विचारावे. मी स्वतः चुकले आहे, म्हणून हे अधिकाराने सांगते.

“मग माझी पाळी कधी, ते सांगितलंच नाही तुम्ही,” धाकटी म्हणाली.

“मावशी, पाळी ठरलेली असती तर सांगितली असती. तुमची जोखीम शेजारणीपेक्षा जास्त आहे, हे खरं. पण आज तुम्हाला तो आजार नाही. दरवर्षी हीच चाचणी करू आणि काही वेगळं दिसलं तर तुमच्यापासून लपवणार नाही. मात्र ती गोळी आजपासून बंद आणि बचत गटाची वही परत घ्यायची.”

त्यांनी मान डोलावली की नाही, ते मला समजले नाही. थोरलीच्या कानांची तपासणी मात्र त्यांनी त्याच आठवड्यात करून घेतली. आता तिच्या कानांत यंत्रे आहेत. स्मरणशक्ती त्याने परत आली नाही, येणारही नव्हती. परंतु दोन माणसे बोलत असली की, ती आता त्यांच्याकडे पाहते, एरवी भिंतीकडे पाहत बसायची. बहिणीला मात्र ती अजूनही स्वतःच्याच नावाने हाक मारते. धाकटी ‘ओ’ देते.

बी-12 च्या इंजेक्शनांसाठी त्या परवा आल्या. पुढचे इंजेक्शन गुरुवारी घ्यायला या, असे मी सांगितले.

“गुरुवारी नको, शुक्रवारी येते. गुरुवारी गटाची बैठक आहे, मार्चअखेरचा ताळेबंद मांडायचाय.”